लहान गाडीच्या टपावर कनू नेण्यासाठी रॅक कसा निवडावा

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांकडे लहान हॅचबॅक गाडी आहे, तिच्या टपावर रेल (कडेने जाणाऱ्या लांब सळया) वगैरे काही नाही आणि गाडीच्या पुस्तिकेत टपावरील कमाल भार ५० किलो दिलेला आहे. त्यांनी १६ फुटी, साधारण ३० किलो वजनाची, प्लास्टिकची उघडी कनू, म्हणजे वल्ह्याने चालवायची लांब, अरुंद होडी, घेतली आहे आणि पुढेमागे तशीच दुसरी घेण्याचा त्यांचा विचार आहे. एका परिचिताने त्यांना फोमचे ठोकळे पुरतील असे सांगितले, दुसऱ्याने कयाकसाठी मिळणारे ‘जे’ आकाराचे पाळणे सुचवले आणि दुकानदाराने टपाला शोभून दिसणारा, ज्याचे आडवे दांडे त्यांना टपाला धरणाऱ्या पायांशीच संपतात असा सुबक रॅक दाखवला. यांपैकी काय घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे आणि होडी एकट्याने टपावर कशी चढवावी, ही काळजीही व्यक्त केली आहे.

माझे उत्तर असे आहे की या तिन्हींपैकी काहीही घेऊ नये. त्याऐवजी पायांच्या बाहेर दोन्ही बाजूंना पुढे येणारे साधे, सरळ दांडे घ्यावेत, ते गाडीवर शक्य तितके एकमेकांपासून दूर बसवावेत आणि होडीची दोन्ही टोके गाडीला स्वतंत्रपणे बांधण्याची सोय पहिल्याच दिवशी करून घ्यावी. वीस वर्षांहून अधिक काळ मी कनू चालवायला शिकवतो आहे, आणि त्या निमित्ताने पाण्यावर जितके तास गेले त्याहून फार कमी नाहीत इतके तास टपावर होडी बांधून रस्त्यावर गेले आहेत. त्या अनुभवातून एकच गोष्ट ठामपणे सांगता येते: टपावरच्या होडीला वजन पाडत नाही, तिची लांबी पाडते. बाजारात रॅक वजनाच्या आकड्यावर विकला जातो, म्हणून खरेदी करणाराही वजनाचाच विचार करतो आणि लांबीचा प्रश्न पहिल्या वादळी प्रवासापर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

हे थोडे हिशेबाने पाहू. तुमची होडी सुमारे ४.९ मीटर लांब आहे. लहान हॅचबॅकवर दोन दांड्यांमध्ये ७० सेंटीमीटर अंतर मिळाले आणि होडी मधोमध बसवली, तर तिचा २.१ मीटर भाग पुढच्या दांड्यापुढे आणि तितकाच मागच्या दांड्यामागे अधांतरी राहतो. आता पुढच्या टोकावर वाऱ्याने बाजूने काही जोर दिला, असे समजा. होडी ही तरफ झाली आणि दांडे हे तिचे टेकू. टोकावरच्या जोराच्या चौपट जोर पुढच्या दांड्यावर येतो आणि तिप्पट जोर, उलट दिशेने, मागच्या दांड्यावर येतो. तेच दोन दांडे एक मीटर अंतरावर असते, तर हे आकडे सुमारे तिप्पट आणि दुप्पट इतके खाली आले असते. म्हणजे नवा, महागडा, दणकट रॅक न घेता केवळ ३० सेंटीमीटर अंतर वाढवल्याने पुढच्या पायावरचा ताण चतुर्थांशाने कमी होतो. टोकाला खालून वर उचलणाऱ्या वाऱ्यालाही हाच हिशेब लागू आहे. शिवाय वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून ११०वर गेलात, तर तो जवळजवळ दुप्पट होतो. गावातल्या रस्त्यावर निमूट बसलेली होडी महामार्गावर अचानक डुलू लागते, त्याचे कारण हेच आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे लांब टपाची स्टेशन वॅगन होती, तिच्यावर उंच रेल होत्या आणि दांडे हवे तिथे सरकवून बसवता येत होते. आदल्या महिन्यात सामानाची पेटी लावण्यासाठी ते जवळजवळ, दोन फुटांच्या अंतरावर आणले होते आणि होडी लादताना ते पुन्हा दूर करण्याचा कंटाळा केला. पट्टे मात्र चांगले आवळले होते, त्यामुळे पुढची दोरी बांधण्याचाही कंटाळा केला. एका उघड्या पुलावर आडवा वारा होता, समोरून उंच ट्रक आला आणि तो शेजारून निघून जाताक्षणी होडीचे नाक डावीकडे वळले ते परत आलेच नाही. गाडी थांबवून पाहिले, तर पट्टे जसेच्या तसे घट्ट होते. रॅकचा पुढचा पायच रेलवरून वीतभर सरकला होता. होडी पडली नाही, कोणाला लागले नाही. पण त्या दिवसापासून मी रॅकची क्षमता विचारण्याआधी दांड्यांमधले अंतर विचारतो.

तुमच्या गाडीवर हे अंतर तुमच्या हातात पूर्णपणे नाही, हे मान्य केले पाहिजे. रॅक गाडीला कसा धरतो यावर ते ठरते. जुन्या गाड्यांना टपाच्या कडेने पावसाच्या पाण्याची पन्हळ असे. तिच्यावर पाय कुठेही आवळता येत आणि पकडही उत्तम मिळे. रेल असलेल्या गाड्यांत, रेलखाली फट असो वा रेल टपाला चिकटलेली असो, बरेच स्वातंत्र्य मिळते. काही गाड्यांच्या टपात कारखान्यातूनच आटे असलेले ठरावीक बिंदू दिलेले असतात. तिथे पकड पक्की असते, पण जागा बदलता येत नाही. तुमच्यासारख्या कोऱ्या टपाच्या गाडीत रॅकचे पाय दाराच्या वरच्या चौकटीत पोलादी आकड्याने अडकतात, आणि तो आकडा त्या गाडीच्या त्या जागेच्या वळणासाठीच बनवलेला असतो. त्यामुळे उत्पादकाने दिलेल्या मापाबाहेर दांडा सरकवण्याचा मोह होऊ देऊ नये. दोन बोटे इकडेतिकडे झाले तरी आकडा पूर्ण बसत नाही आणि नुसत्या रंगावर टेकून राहतो. कोऱ्या टपासाठी दोनतीन उत्पादकांचे संच मिळत असतील, तर त्यांच्या बसवणुकीच्या तक्त्यांत दोन दांड्यांचे अंतर छापलेले असते. ते तक्ते खरेदीपूर्वी वाचावेत आणि ज्यात अंतर अधिक आहे तो संच निवडावा. या एका आकड्यासाठी मी इतर बऱ्याच सोयी सोडून देईन.

आता ५० किलोच्या मर्यादेकडे वळू. ही मर्यादा गाडी चालत असतानाच्या भाराची आहे आणि तिच्यात रॅकचे स्वतःचे वजनही धरलेले असते, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटते. दोन दांडे, चार पाय आणि होडीचे काठ अडवणारे कोनाकृती तुकडे मिळून सहासात किलो सहज होतात. म्हणजे तुमच्या वाट्याला साधारण ४३ किलो उरतात. ३० किलोची एक होडी त्यात निर्धास्त बसते. तीन वेगळे आकडे पाहायचे असतात: गाडीच्या टपाचा, रॅकचा आणि वर लावलेल्या जोडसाहित्याचा. यांतला सर्वांत लहान आकडा हाच तुमचा आकडा. रॅकच्या खोक्यावर ७५ किलो छापले आहे म्हणून टप ७५ किलोचा होत नाही. टपावरच्या तंबूंच्या जाहिरातींत कधीकधी याहून कितीतरी मोठे आकडे दिसतात, ते उभ्या गाडीचे असतात. त्यांचा येथे काही उपयोग नाही. आणि होडीच्या पोटात वल्ही, जीवरक्षक जाकिटे, ओल्या दोऱ्या अडकवून ठेवण्याची सवय असेल, तर तेही वजनच आहे, आणि ते सुटून रस्त्यावर येऊ शकते हा त्यातला अधिक गंभीर भाग.

कयाकचे पाळणे का नकोत, याचे कारण होडीच्या आकारात आहे. कयाक वरून बंद असते, तिला सपाट काठ नसतात, म्हणून तिला कुशीवर धरणारा पाळणा लागतो. उघडी कनू पालथी ठेवायची असते. तिचे दोन्ही काठ दोन्ही दांड्यांवर टेकले की चार ठिकाणी आधार मिळतो, आणि त्याहून चांगली बैठक कोणताही पाळणा देऊ शकत नाही. सरळ ठेवलेल्या कनूत पाऊस भरतो आणि वारा तिला फावड्यासारखा उचलतो. म्हणून कनूसाठी जोडसाहित्य म्हणून एकच गोष्ट घेण्याजोगी आहे: काठाच्या आतल्या बाजूला किंवा बाहेरून दांड्यावर आवळले जाणारे, रबराचे अस्तर असलेले चार कोन. ते काठाला भिडवून बसवले की होडी बाजूला सरकत नाही. हे कोन नसले तरी चालते, पण ते असले की दर वेळी होडी त्याच जागी, त्याच रेषेत बसते आणि एकट्याने बांधताना ती हलत नाही, एवढ्यासाठीच मी ते घेतो.

फोमचे ठोकळे मी सरसकट नाकारत नाही. उधार घेतलेली होडी पाचसात किलोमीटरवरच्या तळ्यापर्यंत हळूहळू न्यायची असेल, तर काठासाठी खाच असलेले, दाट बंद पेशींच्या फोमचे चार ठोकळे काम भागवतात. मात्र त्यात टपाच्या पत्र्यावर भार येतो, म्हणून ठोकळे टपाच्या मध्यावर नव्हे तर कडेच्या चौकटीजवळ ठेवावे लागतात. पट्टे दारांतून आत घ्यावे लागतात आणि पाऊस आला की त्याच पट्ट्यांवरून पाणी आत ठिबकते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे होडीला बाजूने धरणारे घर्षणाखेरीज दुसरे काहीही उरत नाही. मालकीची होडी असलेल्या आणि महिन्यातून दोनदा महामार्गाने जाणाऱ्या माणसाचे हे साधन नव्हे.

दुकानात दाखवलेल्या सुबक रॅकविषयी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण नेमकी चूक तिथे होते. ज्या रॅकचे दांडे पायांशीच संपतात, तो दिसायला नीटस असतो, त्याचा वाऱ्याचा आवाज कमी असतो आणि गाडीत शिरताना डोके आपटत नाही. सामानाच्या पेटीला किंवा सायकलीला तो पुरेसा आहे. पण लहान गाडीच्या टपाची रुंदी मुळातच कमी. अशा रॅकवर वापरण्याजोगी लांबी बहुधा मीटरभर किंवा त्याहूनही कमी उरते. तुमच्या कनूची काठापासून काठापर्यंतची रुंदी ९० सेंटीमीटरच्या आसपास असेल. म्हणजे होडी कशीबशी बसेल, पण कोनांना जागा राहणार नाही आणि पट्टा दांड्याभोवती काठालगत न्यायलाही जागा राहणार नाही. पट्टा काठापासून दूर, तिरका गेला की तो होडीला खाली दाबतो पण बाजूला रोखत नाही. म्हणून दांडा पायाच्या बाहेर दोन्हीकडे पुढे आलेलाच घ्यावा. तुमच्या गाडीसाठी सव्वा मीटरच्या आसपासचा दांडा योग्य होईल: होडी, चार कोन आणि पट्ट्यांसाठी दोन्हीकडे हातभर नाही तरी वीतभर जागा त्यात मिळते, आणि दांडा आरशांच्या रुंदीबाहेर जात नाही. डोके एकदोनदा आपटेल. दांड्याच्या टोकांना रंगीत टोपणे लावावीत. मी टेनिसचे चेंडू चिरून लावतो, ते दिसायला विनोदी असले तरी उपयोगी आहेत.

दांडा कोणत्या घडणीचा असावा, यावर लोक फार वेळ घालवतात. माझ्या मते त्याला इतके महत्त्व नाही. काळ्या रबराचे आवरण असलेला चौकोनी पोलादी दांडा जड आहे, वाऱ्यात शिट्टी वाजवतो, पण त्याची पकड कनूच्या काठाला फार चांगली मिळते आणि तो आजही कालबाह्य झालेला नाही. विमानाच्या पंखासारख्या छेदाचा अ‍ॅल्युमिनियमचा दांडा हलका व शांत असतो आणि त्याच्या वरच्या खाचेत कोन सरकवून बसवता येतात. पण गुळगुळीत धातूवर अ‍ॅल्युमिनियमचे काठ घसरतात, म्हणून त्यावर रबराची पट्टी हवीच. गोल दांड्यावर आवळलेले जोडसाहित्य जोर आला की फिरू शकते. होडी थेट दांड्याला बांधणाऱ्यास त्याचा फारसा त्रास नाही. तुमच्या ५० किलोच्या मर्यादेत प्रत्येक किलो मोलाचा आहे आणि लहान गाडीत आवाज जास्त जाणवतो, म्हणून तुम्ही अ‍ॅल्युमिनियमचा घ्यावा. लाकडी काठांची होडी असती, तर दांड्यावर गालिच्याचा तुकडा किंवा जाड फोमची नळी गुंडाळा, असे सांगितले असते. प्लास्टिकच्या काठांना त्याची गरज नाही.

कंपनीच्या नावाचा प्रश्न मी मुद्दाम मागे ठेवला. थूले, याकिमा, ऱ्हायनो-रॅक यांसारख्या प्रस्थापित उत्पादकांचे रॅक कामाला सारखेच विश्वासार्ह आहेत. (थूले ही स्वीडनची कंपनी १९४२मध्ये सुरू झाली, तेव्हा ती मासे पकडण्याचे सापळे विकत होती, हे कळल्यापासून मला नावांचा दरारा वाटेनासा झाला.) तुमच्या गाडीच्या नेमक्या मॉडेलसाठी आणि वर्षासाठी फिटिंगचा संच ज्याचा मिळतो, त्याचा रॅक घ्यावा. दांडे आणि पाय पुढच्या गाडीवरही चालतात. गाडी बदलली की सहसा फक्त तो संच बदलावा लागतो, म्हणून त्यांवर केलेला खर्च वाया जात नाही. जुना रॅक घेण्यास हरकत नाही, परंतु दुसऱ्याच गाडीचा संच ‘थोडा वाकवून बसतो’ असे कोणी सांगितले, तर तो व्यवहार तिथेच सोडावा. पायाखालचे रबर कडक होऊन त्याला भेगा पडल्या असतील, तर तेही नवे घ्यावे लागते. रॅक बसवण्यापूर्वी दाराच्या चौकटीतली आणि रबराखालची धूळ ओल्या फडक्याने पुसावी. तिथे अडकलेला वाळूचा कण एका हंगामात रंग खाऊन पत्र्यापर्यंत पोचतो.

खरेदीपूर्वी आणखी एक गोष्ट मोजावी, जी दुकानात कोणी मोजत नाही: होडीच्या टोकांची उंची. कनूचे काठ मध्यभागी खाली आणि टोकांकडे वर चढलेले असतात. मध्यावरची खोली ३५ ते ३८ सेंटीमीटर असेल, तर टोके ५० ते ६० सेंटीमीटर उंच असू शकतात. होडी पालथी केली की हाच चढ उतार होतो आणि दोन्ही टोके दांड्यांच्या पातळीखाली पंधरावीस सेंटीमीटर लोंबतात. पुढे त्यामुळे काचेच्या वरच्या भागात होडीचे नाक दिसते. मला ते दिसणे आवडते, कारण बांधणी सैल होत असेल तर सर्वांत आधी तेच सांगते. पण बसक्या पायांच्या रॅकवर आणि खूप वळलेल्या टोकांच्या होडीत ते समोरचे सिग्नल झाकण्याइतके खाली येऊ शकते. मागे तर तुमच्या हॅचबॅकचा दरवाजा बहुतेक उघडणारच नाही, किंवा उघडताना वर जाऊन होडीवर आदळेल. सामान मागच्या सीटवरून काढावे लागेल, हे आधीच गृहीत धरावे. टपावर माशाच्या कल्ल्यासारखा अँटेना असेल, तर होडीतली आडवी पट्टी त्यावर येते का, हेही पाहावे. या सगळ्याचे उत्तर बहुधा थोडे उंच पाय हे असते. वाऱ्याला त्यामुळे थोडा वाव मिळतो, तरी कनूच्या बाबतीत मी उंच पायांच्याच बाजूचा आहे.

आता दोऱ्या, कारण माझ्या हिशेबात दोऱ्या हा रॅकचाच भाग आहे. वर सांगितलेली तरफ आठवा. टोकाला दोरी बांधली की वाऱ्याचा जोर दोन मीटर मागे दांड्यापर्यंत जाऊन चौपट होण्याऐवजी तिथल्या तिथे रोखला जातो. रॅक तुटला किंवा पाय निसटला तरी होडी गाडीला धरून राहते, हे दुसरे कारण. अडचण अशी की आजच्या गाड्यांच्या पुढे दोरी बांधायला जागाच नसते. बंपर प्लास्टिकचा, खालची जाळी प्लास्टिकची. यावर सोपा उपाय आहे. बॉनेट उघडल्यावर मडगार्डच्या कडेला जे बोल्ट दिसतात, त्यांतल्या दोन्ही बाजूंच्या एकेका बोल्टखाली, धातूचे कडे बसवलेला नायलॉनच्या पट्टीचा फास अडकवून बोल्ट पुन्हा आवळावा. होडी नसताना फास बॉनेटच्या आत दुमडून ठेवायचा, होडी असताना बाहेर काढून बॉनेट बंद करायचे. असे तयार फास मिळतात आणि रॅकच्या मानाने त्यांची किंमत नगण्य असते. मागच्या बाजूला गाडी ओढण्याची कडी वापरता येते, किंवा डिकीच्या आतल्या बोल्टला तसाच फास लावता येतो. पुढे दोन फास असले की दोरी होडीच्या टोकापासून उलट्या ‘व्ही’सारखी दोन्हीकडे उतरते आणि बाजूच्या वाऱ्याला दोन्ही दिशांनी रोखते; एकाच मधल्या दोरीला ते साधत नाही.

तुमच्या बाबतीत एक बारकावा आहे. होडी तुमच्या गाडीपेक्षा लांब आहे, म्हणून पुढची दोरी टोकाकडून खाली आणि मागे येईल, मागची खाली आणि पुढे. म्हणजे ब्रेक दाबल्यावर पुढे घसरू पाहणाऱ्या होडीला पुढची दोरी धरते आणि वेग घेताना मागची. लांब गाडीवर हे बरोबर उलटे असते. म्हणून दोन्हींपैकी एकच बांधून भागवू नये. दोरी हाताने ताणून घट्ट करावी, त्याहून जास्त नाही. मालवाहू गाड्यांचे चालक दोर आवळण्यासाठी मध्ये फास घेऊन जी गाठ मारतात, ती शिकून घ्यावी. पण ती गाठ घर्षण सोडले तर आपल्या जोराच्या तिप्पट ताण देते, हे लक्षात ठेवून. दोन्ही टोके खाली खेचून धनुष्यासारखी वाकवलेली होडी मी पाहिली आहे. उन्हात तापलेले प्लास्टिक तो बाक कायमचा धरते. दोरीचे उरलेले टोक पुढे लोंबू देऊ नये. चाकाखाली सापडलेली दोरी होडीचे नाक क्षणार्धात बॉनेटवर आणते.

दांड्यांना होडी बांधण्यासाठी प्रत्येक दांड्याला एक असे दोन पट्टे लागतात: २५ मिलिमीटर रुंदीचे, पॉलिएस्टरचे, दात असलेल्या साध्या दाबाच्या बकलाचे, साडेतीन ते साडेचार मीटर लांब. नायलॉन ओले झाले की ताणते आणि पॉलिप्रॉपिलीन उन्हाने लवकर कुजते. करकर आवाज करत आवळले जाणारे रॅचेटचे पट्टे होडीसाठी नकोत. ते हाताला न कळता काठ चेपतात. टोकांना आकडे असलेले ताणले जाणारे रबरी दोर तर बांधणीत धरूच नयेत. पट्टा काठाला अगदी लगटून दांड्याभोवती फिरवावा, वरच्या भागात त्याला एक पीळ द्यावा म्हणजे तो वाऱ्यात घुमत नाही, आणि बकलाखाली रबराची गादी असावी म्हणजे पलीकडे फेकताना काच किंवा सहप्रवासी जखमी होत नाही.

बांधून झाले की होडीचे पुढचे टोक धरून बाजूला जोरात ढकलावे. सगळी गाडी हलली पाहिजे. होडी रॅकवर हलली किंवा रॅक टपावर हलला, तर बांधणी पुन्हा करावी. पहिल्या वीसतीस मिनिटांनी थांबून पट्टे पाहावेत, कारण नवे पट्टे बसतात आणि थोडे सैल होतात. रॅकचे बोल्ट पहिल्या काही प्रवासांनंतर उत्पादकाने सांगितलेल्या ताणावर पुन्हा आवळावेत. त्यासाठी संचाबरोबर विशिष्ट ताणाला ‘टक्’ करणारी किल्ली मिळत असेल, तर ती हरवू नये. होडी मागे किती बाहेर आली की तांबडे फडके किंवा दिवा लावावा लागतो, याचा नियम जागोजागी वेगळा आहे. तुमची होडी दोन्हीकडून बाहेर येणार असल्याने तो पाहून ठेवणे भाग आहे.

एकट्याने चढवण्याची काळजी तुम्ही व्यक्त केली आहे, पण लहान गाडीचा हा फायदाच आहे. टप खांद्याच्या उंचीला असतो. होडीचे नाक मागून पुढे, मागच्या दांड्यावर टेकवावे, मग मागचे टोक उचलून ढकलावे. मागच्या दरवाजाच्या कडेवर जाड चटई टाकली की रंग वाचतो. दांड्यातून बाजूला बाहेर निघणारी मदतीची सळई मिळते, ती उंच गाड्यांसाठी खरोखर उपयोगी आहे. तुम्हाला ती लागणार नाही.

राहिला दुसऱ्या होडीचा प्रश्न. दोन कनू शेजारीशेजारी ठेवायला किमान १८० सेंटीमीटरचा दांडा लागतो, म्हणजे तुमच्या गाडीच्या अंगापेक्षाही रुंद. आणि ३० किलोच्या दोन होड्या, रॅक धरून, ६५ किलोंच्या पुढे जातात. वजन कमी करून, म्हणजे केव्लारसारख्या हलक्या तंतूंच्या वीसेक किलोच्या होड्या घेऊन, ५० किलोंत कसेबसे बसता येईल, पण रुंदी तशीच राहते. एकावर एक ठेवण्याचा खटाटोप या टपावर करू नये. दुसरी होडी आली आणि तुमच्या गाडीला ट्रेलर ओढण्याची परवानगी असेल, तर हलका, दोन उभ्या खांबांवर आडवे दांडे असलेला ट्रेलर पाहावा. त्याची उंची कंबरेइतकी असते, दांड्यांमधले अंतर दोन मीटरही ठेवता येते आणि टपाची मर्यादा आड येत नाही. तोपर्यंत एका होडीसाठी सव्वा मीटरचे दांडे, चार कोन, दोन पट्टे, दोन दोऱ्या आणि बॉनेटखालचे दोन फास एवढेच घ्यावे, आणि दुकानात जाताना होडीची रुंदी व टोकांची उंची कागदावर लिहून न्यावी.